फिरकीच्या तांब्यातला समुद्र

मित्रांनो, फिरकीचा तांब्या तुमच्यापैकी किती जणांनी पाहिला आहे? खरं सांगा, उगाच माना हलवू नका. तुम्हाला प्लॅस्टिकची बाटली माहीत. ती उन्हात तापते, आठवड्याने वास मारते आणि मग रस्त्याच्या कडेला पडते. माझं तसं नाही. मी एक जुना पितळी तांब्या आहे, पोट चांगलं गोल, वर धरायला कडी आणि तोंडाला फिरवून घट्ट बसणारं झाकण. त्या झाकणाच्या आट्यांमुळेच माझं नाव फिरकीचा तांब्या. मला आडवा करा, नाहीतर उलटा करा, थेंब सांडणार नाही. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. पुढे जे झालं ते माझ्या याच गुणामुळे झालं, म्हणून सांगतो.

मुरुमच्या बाजारात एका कासाराच्या दुकानातून मी अक्कांच्या रुखवतात आलो. अक्का म्हणजे द्वारकाबाई. लग्नात त्या सोळा वर्षांच्या होत्या. एकोणिसाव्या वर्षी कपाळ पुसून, मला हातात धरून त्या कळंबला माहेरी परत आल्या. पुढच्या वर्षी त्यांची आई गेली. घरात पाच वर्षांचा धाकटा भाऊ, उत्तरेश्वर. अक्कांनी त्याला वाढवला. पुन्हा संसाराचं नाव काढलं नाही, कुठं गेल्या नाहीत, काही मागितलं नाही. त्या त्याला 'भाऊ'च म्हणत, आणि तो त्यांच्यापुढे मास्तर झाल्यावरही मान वर करून बोलत नसे.

तेव्हा मला काय मान होता म्हणून सांगू! शेतात मी, एसटीत मी, तुळजापूरला मी, भाऊच्या दहावीच्या परीक्षेलाही मीच. कल्हईवाला वर्षातून एकदा गल्लीत यायचा आणि माझं पोट आतून चांदीसारखं करून जायचा. मग तो यायचा बंद झाला. घरात फिल्टर आला, बाटल्या आल्या. मला कुणीतरी माळ्यावर ठेवलं आणि विसरून गेलं. आतली कल्हई पार उडाली. वीस वर्षं मी पाल आणि जुन्या वर्तमानपत्रांच्या सोबतीनं काढली. एकटेपणा म्हणजे काय हे मला तिथं कळलं असं मला वाटायचं. पण ते काहीच नव्हतं.

उत्तरेश्वर मास्तर निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. त्यांची मुलगी सृष्टी पुण्यात नोकरीला. तिनं आईबापाच्या लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाला एक भेट दिली. अंदमानात शिडाच्या बोटीवर सात दिवस. रोज एक बेट, घाई नाही, गर्दी नाही, बोटीवर ती चालवणारा तांडेल, एक खलाशी आणि हे दोघं. शारदाबाई, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, ऐकून स्वयंपाकघरातल्या पाटावर बसूनच राहिल्या. त्यांनी सोलापूरच्या पुढं काही पाहिलं नव्हतं.

मास्तरांना मात्र घाम फुटला. साठी उलटल्यावर नवराबायको बोटीत बसून मौज करायला निघाले, हे गल्लीत कसं सांगायचं? लोक म्हातारचळ लागला म्हणतील. लोकांचं एक वेळ सोडा. अक्कांना कसं सांगायचं? ज्या बाईनं आपल्यासाठी सगळा जन्म घराच्या चार भिंतींत काढला, तिच्यासमोर उभं राहून 'आम्ही मजा करायला चाललो' असं म्हणायचं? मास्तरांची जीभ रेटेना. आणि मग त्यांच्या तोंडून निघून गेलं, आम्ही रामेश्वरला जाऊन येतो.

झालं! यात्रेचं नाव निघालं की आपल्याकडं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. बायका शारदाबाईंची ओटी भरायला आल्या. कुणी दानपेटीत टाकायला अकरा रुपये दिले, कुणी एकवीस. येडशीच्या स्टेशनावर पोचवायला बारा माणसं आणि चार हार. आणि अक्का, शहात्तर वर्षांच्या, गुडघे धरून शिडीवर चढल्या आणि त्यांनी मला माळ्यावरून काढलं. चिंच आणि राख लावून असा घासला की मीच दिपलो. मला शारदाबाईंच्या हातात देऊन त्या म्हणाल्या, की रामेश्वराच्या समुद्राचं पाणी यात भरून आणा, माझ्यानं आता जाणं होत न्हाय, मरताना तेवढं तोंडात पडलं म्हणजे झालं. मास्तर चपलेकडं बघत उभे होते. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण एक खोटं बोललं की ते दुसऱ्याला हात धरून घरात आणतं.

रेल्वे झाली, विमान झालं. विमानतळावर मला उघडून, उलटा करून, आत बॅटरी मारून पाहिलं. या वयात ही झडती! असो. मग ती पांढरी बोट आली आणि मित्रांनो, मी समुद्र पाहिला. आमच्याकडं पाणी म्हणजे मांजरा नदी, तीही भरली तर भरली. इथं जिकडं बघावं तिकडं पाणीच, आणि त्याला आवाज. शीड फुगलं की बोट एका अंगाला कलायची आणि शारदाबाई माझी कडी घट्ट धरायच्या, जणू मीच त्यांना वाचवणार होतो.

पहिल्या दिवशी त्यांना ढवळून आलं. तांडेलानं लिंबू हुंगायला दिलं. दुसऱ्या दिवशी त्या हसायला लागल्या. तिसऱ्या बेटावर गर्द झाडी होती, तर म्हणाल्या, ही आपली येडशी, इथं रामलिंगाचं देऊळ तेवढं बांधा. मास्तरांनी मोठेपणी पहिल्यांदा अर्धी चड्डी घातली. दोघं बोटीच्या कडेला पाय सोडून बसायचे आणि पायाखालून निळे मासे जायचे. पस्तीस वर्षांत त्या दोघांना मी इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. घरात बोलायचे ते गॅस, दूध आणि पाहुण्यांबद्दल.

चौथ्या बेटावर फोनला रेंज आली आणि अक्कांचा फोन आला. मास्तर गुडघाभर पाण्यात उभे होते. अक्कांनी विचारलं, दर्शन झालं का? मास्तर म्हणाले, झालं. गर्दी होती का? होती. माझ्या नावानं हात जोडले का? जोडले. फोन ठेवल्यावर मास्तर पाण्यातून बाहेर आले, पँट घालून बसले आणि पुढचे तीन दिवस समुद्रात उतरले नाहीत. शारदाबाई एकदा हळूच म्हणाल्या, की परत गेल्यावर सांगून टाकू. मास्तर उठून बोटीच्या दुसऱ्या टोकाला गेले. बोट तीच, वारा तोच, पण त्या लाखमोलाच्या पाण्यावर दोघं दोन टोकांना बसून राहिले. सातव्या बेटावर शारदाबाईंनी मला बुडवून भरलं. समुद्र तो समुद्र, असं मास्तर म्हणाले. ते स्वतःलाच समजावत होते. फिरकी घट्ट झाली. मला साडीत गुंडाळून मोठ्या बॅगेत टाकलं.

घरी आल्यावर जे झालं ते मी विसरू शकत नाही. यात्रेहून आलेल्याच्या पाया पडायची आपली रीत. तिथं वय बघत नाहीत, कारण नमस्कार त्या देवाला असतो. गल्लीतली माणसं रांगेनं पाया पडली. शेवटी अक्का आल्या. ज्या हातांनी भाऊला न्हाऊ घातलं होतं, ते हात त्यांनी भाऊच्या पायांवर ठेवले. मास्तर असे मागं सरले की भिंतीला टेकले. अक्कांना वाटलं, भाऊ लाजला. पुढं यात्रा पार पडल्याचं मावंदंही झालं, पन्नास माणसं पुरणपोळी जेवली आणि मला मधोमध पाटावर बसवून हळदकुंकू वाहिलं. खोट्याच्या पंगतीत मी देव झालो होतो.

दोन वर्षं मी देव्हाऱ्यात होतो. रोज सकाळी अक्का मला फूल घालायच्या, हात जोडायच्या. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, पण माझं तोंड तर फिरकीनं बंद. माळ्यावर मी एकटा होतो, पण तिथं निदान कुणी माझ्यावर विश्वास ठेवून बसलं नव्हतं. आणि माझ्यासारखीच गत त्या दोघांची. सृष्टीनं पाठवलेले फोटो ते दार लावून बघायचे, मग तेही बंद झालं. निळे मासे, कललेली बोट, लिंबू, येडशी, सगळं त्यांच्या पोटात. कुणाला सांगायची सोय नाही. एकमेकांशी बोलावं तर अक्का ऐकतील. त्या घरात तीन माणसं होती आणि तिघंही एकटी होती.

तुम्हाला विज्ञानात शिकवलं असेल. पितळेत कल्हईशिवाय आंबट-खारट ठेवलं की ते कळकतं, हिरवं पडतं आणि विषारी होतं. मास्तरांनी हा धडा तीस वर्षं शिकवला होता. माझ्या पोटात खारं पाणी दोन वर्षं होतं. आत काय झालं होतं ते मलाच माहीत.

यंदा थंडीत अक्का आजारी पडल्या. डॉक्टरांनी हृदय थकलंय असं सांगून घरीच ठेवायला सांगितलं. एका संध्याकाळी त्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं आणि त्यातलं चमचाभर पाणी तोंडात घाला म्हणाल्या. मास्तरांनी फिरकी उघडली. काठाला हिरवा थर आला होता, वास सुटला होता. शारदाबाई कानाशी येऊन म्हणाल्या, की आत जाऊन उकळलेलं पाणी भरून आणा, त्यांना काय कळणार आहे. मास्तर मला घेऊन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलेही. आणि तिथंच थांबले. परत फिरले, खाटेपाशी खाली बसले.

"अक्का, हे रामेश्वराचं पाणी नाही. आम्ही रामेश्वरला गेलोच नव्हतो. तुम्हाला खोटं सांगितलं."

मग सगळं सांगितलं. सृष्टीची भेट, बोट, फोन, सगळं. रडत रडत सांगितलं. अक्का छताकडं बघत पडून होत्या. शारदाबाई पदर तोंडाला लावून दारात उभ्या. मग भाऊकडं मान वळवून अक्का बोलल्या.

"म्या नगं म्हनले असते व्हय रं भाऊ?"

मास्तरांनी खाटेच्या कडेला कपाळ टेकवलं.

"तुला लहानाचा मोठा केला तो कशाला? तू चार ठिकानं फिरावं, हासावं, मला येऊन सांगावं. म्या दोन वर्सं या तांब्याम्होरं हात जोडले. त्यापरीस तू बोटीचं सांगितलं असतंस, तर बसून ऐकलं असतं की."

मग त्यांनी विचारलं, तिथं तुम्ही दोघं खूश होता का? मास्तर म्हणाले, तीन दिवस होतो. अक्कांनी डोळे मिटले. म्हणाल्या, ते पाणी ओतून टाका. आणि उद्यापासून रोज संध्याकाळी मला एकेक बेट सांगायचं, सगळं एकदम नको, माझा जीव दमतो.

शारदाबाईंनी मला मोरीत रिकामं केलं, चिंचेनं आतून हात घालून घासलं आणि खाटेजवळच्या स्टुलावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मास्तर खुर्ची ओढून बसले. पहिलं बेट सांगितलं. ढवळून आलं ते आणि लिंबाचं. अक्का शारदाबाईंकडं बघून हसल्या. पुढच्या संध्याकाळी दुसरं बेट, मास्तरांची अर्धी चड्डी आणि पायाखालचे मासे. अक्कांनी चड्डीचा रंग विचारला. तिसऱ्या संध्याकाळी येडशीचं बेट. फोनमधला फोटो त्यांनी डोळ्याजवळ धरून पाहिला, बोटानं शारदाबाईंचा हसरा चेहरा मोठा करून घेतला आणि म्हणाल्या, ही अशी हासते हे मला ठावंच नव्हतं. त्या तीन संध्याकाळी घरात मोठ्यानं बोलणं चाललं होतं. मला तर वाटलं, सातही बेटं होतील.

चौथ्या दिवशी दुपारी अक्का गेल्या. झोपेतच.

मित्रांनो, आता मला कुणी घासत नाही असं नाही. शारदाबाई दर आठवड्याला घासतात, पाणीही भरतात. माझी माझ्यासाठी काही तक्रार नाही. पितळ आहे, राहील. पण एक मागणं आहे. मोठ्या माणसांच्या मनाला लागेल म्हणून त्यांच्यापासून तुमचा आनंद लपवू नका. समुद्रावर गेलात तर समुद्रावर गेलो म्हणा. घरात बसलेल्या माणसाला तीर्थ लागत नाही. तुम्ही जवळ बसून सांगितलेलं लागतं. आणि ते आजच सांगा, कारण आमच्या मास्तरांकडं अजून चार बेटं आहेत, आणि संध्याकाळी खाटेजवळच्या खुर्चीवर येऊन बसल्यावर ती सांगायची कुणाला, हे त्यांना कळत नाही.