पारड्यातले नारळ

कोलकात्यात एस्प्लनेडच्या मागच्या गल्लीतल्या त्या भाड्याच्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. चपलांचा ढीग जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत आला होता. पंखे फिरत होते, पण श्रावणातल्या दमट हवेत त्यांचा उपयोग फक्त आवाजापुरता. हॉलच्या मधोमध लोखंडी आडव्या दांडीला भला मोठा तराजू टांगलेला, धान्याच्या वखारीत असतो तसा. एका पारड्यात डोळे मिटून, हात जोडून शैला बसली होती. दुसऱ्या पारड्यात शेंदूर फासलेले नारळ चढत होते.

सेवेकरी गोण्यांमधून नारळ काढून पारड्यात ठेवत गेले. पारडी समोरासमोर आली, डुलली, थांबली. गोणीत नारळ उरलेच होते.

"ओता खाली," तुलानाथ महाराज म्हणाले.

लाल कापडावर नारळ गडगडले. गर्दीतून हुंकार उठला.

"महिन्यापूर्वी ह्याच माउलीला हे सगळे नारळ लागले होते. त्याच गोण्या, तेच नारळ, तोच तराजू. मग हे उरले ते काय आहे?" महाराजांनी एक नारळ उचलून धरला. "ही चरबी आहे. देवाने हिच्या अंगावरून उतरवून इथे ठेवली. किलो हे वाण्याचं माप, बाबांनो. काटा तुमचं मांस मोजतो. नारळ तुमचं कर्म मोजतो."

महाराजांचं स्वतःचं पोट त्या वेळी त्यांच्या मांडीवर विसावलं होतं. त्यांची तुला झालेली कोणी पाहिली नव्हती.

शैला रडत होती. भिंतीला टेकून उभे असलेले तिचे यजमान श्यामराव दात आवळून ते बघत होते. बँकेच्या बदलीने ते कोलकात्यात आले, मुलगी देवयानी इथेच शिकली, न्यू टाउनमध्ये नोकरीला लागली, म्हणून निवृत्तीनंतरही इथेच राहिले. आयुष्यभर लोकांच्या कागदपत्रांतल्या थापा पकडल्या, आणि आता घरातली थाप हाताला लागत नव्हती. तुला झाली की नारळांच्या गोण्या महिनाभर महाराजांच्याच कुलपात राहतात, 'जपासाठी', एवढंच त्यांना खटकत होतं. पण गोण्यांना नावाची चिठ्ठी होती, लाल दोरा होता. पुढे बोलायला पुरावा नव्हता.

"ह्या उरलेल्या नारळांचं गंगेत विसर्जन करायचं," महाराजांनी बजावलं. "घरी नेलेत तर उतरलेली चरबी मागोमाग घरी येईल."

विसर्जनाचं काम श्यामरावांवर आलं. दोन जड पिशव्या घेऊन ते टॅक्सीत बसले.

शैलाला दोष तरी किती द्यायचा? वीस वर्षं ती वजनाशी झगडत होती. सकाळी लिंबू-मध झालं. नुसत्या फळांवर राहून झालं. भात-पोळी बंद करून पनीर आणि अंडी झाली. देवयानीने जिमची वर्षाची फी भरली; आरशासमोर तरण्या पोरींच्या रांगेत उभं राहायची लाज वाटून जिम दुसऱ्या महिन्यात सुटली. कमरेला बांधायचा थरथरणारा पट्टा आला, तो आता माळ्यावर आहे. सोमवार आणि चतुर्थीचे उपवास तर होतेच. त्या दिवशी तुपातली साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी. "हा उपवास आहे की वाढदिवस?" असं श्यामराव एकदा म्हणाले, तर दोन दिवस घरात अबोला. प्रत्येक उपायाने वजन थोडं उतरायचं. शैला जुने ब्लाउज घालून बघायची, फोनवर बहिणीला सांगायची. मग कसलातरी सण यायचा, पाहुणे यायचे, आणि गेलेलं वजन सोबत आणखी चार जणांना घेऊन परत यायचं.

शेवटी मंडळातल्या सुमनताई तिला महाराजांकडे घेऊन गेल्या. नुसतं वजनापुरतं असतं तर श्यामरावांनी सोडून दिलं असतं. पण महाराजांनी तिच्या मधुमेहाच्या गोळ्या बंद करायला लावल्या होत्या.

"साखर चरबीत राहते," शैला म्हणाली होती. "चरबी उतरली की साखरही उतरते."

"हे कोणी सांगितलं?"

"महाराजांनी."

"आणि डॉक्टर घोषालांनी काय सांगितलंय?"

"डॉक्टर दहा वर्षं सांगताहेत. भात कमी करा, चाला, गोळी घ्या. माझं काय उतरलं?"

"घरच्या काट्यावर उभी राहा एकदा. जेवढी होतीस तेवढीच भरशील."

"काट्याला पाय लावायचा नाही असं सांगितलंय."

"का लावायचा नाही, हे तुला विचारावंसं वाटत नाही?"

"तुम्हाला माझं चांगलं झालेलं बघवत नाही," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

हॉलमध्ये अनवाणी प्रदक्षिणा घालून तिच्या उजव्या अंगठ्याला फोड आला होता. तो बरा होत नव्हता. कडेने काळा पडायला लागला होता. देवयानीने आईला जवळजवळ ओढत घोषालांकडे नेलं. त्यांनी अंगठा पाहिला, रक्त तपासलं, चष्मा काढला. गोळ्या आजच सुरू केल्या नाहीत तर ह्या अंगठ्याची हमी मी देत नाही, म्हणाले. शैला घरी आल्यावर म्हणाली, "रविवारी महाराजांना विचारते."

"अंगठा कापायचा की नाही, तेही त्यांनाच विचार," श्यामराव ओरडले. ओरडून उपयोग नाही हे त्यांना कळत होतं, तरी ओरडले. देवयानी म्हणाली, "बाबा, तुम्ही गप्प बसा ना प्लीज. तुम्ही बोललात की आई आणखी हट्टाला पेटते."

त्याच आठवड्यात नारळी पौर्णिमा आली. अंगठा दुखत होता तरी शैलाने नारळी भाताचा घाट घातला. कोठीच्या खोलीत पिशवीत नारळ दिसले, त्यातला एक घेतला. कोयत्याच्या पाठीने ठोकला. वाटी धरायला उशीर झाला आणि अर्धं पाणी ओट्यावर सांडलं.

"अहो, हा नारळ कुठला?"

"बाजारातला," श्यामराव बाहेरून म्हणाले.

"बाजारातल्या नारळाच्या शेंडीत शेंदूर असतो?"

श्यामराव उठून दाराशी आले. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "गंगेवर, बाबूघाटापर्यंत गेलो होतो. दोन पिशव्या चांगले नारळ पाण्यात टाकायचं जिवावर आलं. आपल्या घरात नारळ कधी टाकलाय का कोणी? तसेच घेऊन आलो."

"म्हणजे माझ्या अंगावरचं उतरलेलं तुम्ही पुन्हा घरात आणलंत."

श्यामरावांनी तोंड उघडलं. पण शैला त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती हातातल्या नारळाच्या कवडीकडे बघत होती. पांढरंशुभ्र, ओलं खोबरं. तिने पिशवीतला दुसरा नारळ कानाशी धरून हलवला. मग तिसरा. आत पाणी डुचमळत होतं.

ती फळीकडे वळली आणि खोबऱ्याची बरणी काढली.

"पहिल्या तुलेला त्यांनी पारड्यातलाच एक नारळ प्रसाद म्हणून दिला होता," ती सावकाश म्हणाली. "देवयानीने फोडला. आत पाण्याचा थेंब नव्हता. सुटलेला गोटा निघाला, वाळून खडखडीत. मी म्हटलं, बरं झालं, गोड्या मसाल्याला खोबरं झालं. हे बघा, अजून आहे."

श्यामराव गप्प राहिले. महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांना ते जमलं.

"त्याच गोण्या, तेच नारळ, असं ते म्हणाले ना? मग महिनाभर बंद गोणीत राहून वाळलेला नारळ ओला कसा होईल? ओला वाळेल. वाळलेला ओला होत नाही." तिने बरणी ओट्यावर ठेवली. "आणि गोटा हलका असतो. पाण्याचा नारळ हातालाही जड लागतो. पहिल्यांदा मला हलक्या नारळांनी मोजलं, म्हणून खूप लागले. मग गोणीतले थोडे काढून त्यांच्या जागी जड भरले. शेंदूर फासला की सगळे सारखेच दिसतात. जडांनी मोजल्यावर उरणारच."

ती स्टुलावर बसली.

"मी तेवढीच होते हो," ती म्हणाली. "मी रडले त्या पारड्यात."

श्यामरावांनी कपाटातून गोळ्या आणि भांड्यात पाणी आणून तिच्यापुढे ठेवलं. तिने गोळी घेतली.

रविवारी शैला लंगडत श्यामरावांबरोबर हॉलमध्ये गेली. पारड्यात एक नवी बाई बसत होती, बेहालाकडची कोणी. सुमनताई आपल्या दुसऱ्या तुलेसाठी गोण्या मांडून रांगेत होत्या.

"महाराज, एक विनंती आहे," शैला म्हणाली. "ह्या नव्या ताईंच्या पारड्यातला एक नारळ फोडायचा. आणि जुन्या गोणीतला एक."

"तुलेचा नारळ फोडला की तुला भंगते, माउली."

"प्रसादाला तुम्हीच देता. आम्ही काय अख्खा गिळतो?"

कोणीतरी फिसकन हसलं. सुमनताई तरातरा पुढे आल्या. "शैला, पुरे झालं. महाराजांची परीक्षा घ्यायला निघालीस? हा घे माझ्या गोणीतला. फोड, म्हणजे तुझं तोंड बंद होईल."

शैलाने तो फरशीवर आपटला. पाणी सुमनताईंच्या पायांवर उडालं. श्यामरावांनी तोवर नव्या बाईच्या पारड्यातला एक उचलून फोडला. आतून कोरडा गोटा टणकन बाहेर आला आणि फरशीवर घरंगळत महाराजांच्या आसनापर्यंत गेला.

"सुमनताई, तुमचा पहिल्या दिवशीचा प्रसाद कसा होता?" शैलाने विचारलं.

सुमनताई पायांवरच्या पाण्याकडे बघत राहिल्या. "सुका होता," त्या हळूच म्हणाल्या.

"ता होले जोल एलो कोथा थेके?" पारड्यातली नवी बाई म्हणाली. मग पाणी आलं कुठून, एवढंच तिला कळायला हवं होतं.

"तपाने," महाराज म्हणाले. "महिनाभर जप ऐकला की नारळालाही पान्हा फुटतो."

"मग आत्ताच ह्या गोट्याला जप ऐकवा," श्यामराव म्हणाले. "पान्हा फुटेपर्यंत आम्ही थांबतो. घाई नाही."

हशा झाला, मग गलका. नवी बाई पारड्यातून उतरली. सेवेकऱ्यांनी गोण्या आत ओढल्या आणि आजचं दर्शन संपलं असं जाहीर केलं. श्यामरावांना वाटलं, आता लोक ह्या माणसाला जाब विचारतील. काहींनी विचारला. पण जिन्यात चपला शोधताना दोघं-तिघं सेवेकऱ्याला हळूच विचारत होते, पुढची तुला कधी आहे.

"ऐकलंस? डोळ्यांसमोर फोडला, तरी," ते रस्त्यावर आल्यावर म्हणाले. "डोकं आपटावं कुठेतरी."

"मीही त्या जिन्यात तेच विचारलं असतं," शैला म्हणाली. "तुम्ही महिनाभर माझ्यावर ओरडलात. एकदाही म्हणाला नाहीत, चल, तुझ्याबरोबर मीही चालतो."

श्यामरावांनी तिला आधाराला हात दिला.

मागून सुमनताई आल्या. डोळे लाल होते. "सगळेच काही खोटे नसतात," त्या म्हणाल्या.

"नसतील," शैला म्हणाली. "पण सुमनताई, जो आपलं माप स्वतःच्या कुलपात ठेवतो आणि दुसऱ्या कुठल्याही काट्यावर उभं राहू देत नाही, त्याच्याकडे जायचं नाही. कोणी काही उतरवून दिलं म्हणालं, तर घरी यायचं आणि आपल्या काट्यावर उभं राहायचं. आणि औषध सोडायला सांगितलं, तर तिथूनच मागे फिरायचं. एवढं केलं तरी पुष्कळ."

घरी आल्यावर तिने पलंगाखालून काटा ओढून काढला, पदराने त्यावरची धूळ पुसली आणि उभी राहिली. आकडा वाईट होता.

"खरा आहे," ती म्हणाली. "अंगठा बरा झाला की सकाळी मैदानात जाऊ. तुम्हीही या. तुमचंही पोट काही कमी नाही."