दाखवायला ठेवलेली अकरा झाडं

दैवशालाला सोयाबीनमध्ये पिवळी झाडं दिसली ती सोमवारी. बांधाच्या कोपऱ्यात, मोजून अकरा. पानांवर हिरवे-पिवळे चट्टे आणि पान उलटलं की खाली पांढऱ्या माश्या. गेल्या साली याच रोगानं तिचं रान शेंगांविना उभं राहिलं होतं, त्यामुळे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. या रोगाला औषध नाही. माशी आजारी झाडाचा रस पिते आणि चांगल्यावर जाऊन बसते. झाड दिसेल तेव्हा उपटायचं, पोत्यात कोंबायचं, पुरून टाकायचं. यंदाचं हे अर्धा एकर रान तर तिनं पुढच्या पेरणीच्या बियाण्यासाठी राखलेलं.

ती पोतं घेऊन निघाली, तेवढ्यात कृषी सहायक परमेश्वर फटफटीवर आला. झाडं बघून वाईट वाटायचं सोडून हा खूश! गुरुवारी मोठे साहेब शिवारफेरीला येणार होते, रोगट झाड कसं उपटावं ते गावाला दाखवणार होते. तोवर हात लावू नका, असं बजावून तो गेला. नवरा वैजीनाथ सरकारी माणसापुढं मान डोलावण्यात पटाईत. तीन दिवसांनी काय बिघडतंय, असं म्हणून त्यानं पोतं काढून घेतलं. आणि दैवशालानं ऐकलं, याचाच तिला पुढं सगळ्यात जास्त राग आला.

गुरुवारी साहेबांची मीटिंग निघाली. पुढच्या गुरुवारी गाडी नव्हती. त्याच्या पुढच्या गुरुवारी कुणाचा तरी निरोप समारंभ. माशीला मात्र ना मीटिंग होती, ना गाडी लागत होती. निंबोळीचा अर्क फवारून दैवशालाचे हात कडू झाले, पण रोगाचं घरच राखून ठेवल्यावर अर्क काय करणार? घरी येऊन ती वैजीनाथला जे बोलायची ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता.

चौथ्या गुरुवारी साहेब आले. निम्मं रान पिवळं झालेलं. बांधावर उभं राहून त्यांनी सांगितलं, पहिलं पिवळं झाड दिसलं की त्याच दिवशी उपटा, एक दिवसही थांबू नका. लोकांनी माना हलवल्या. मग फोटोसाठी ताईंनी एक झाड उपटावं, असं ठरलं.

दैवशाला जागची हलली नाही.

"मी पयल्याच दिवशी उपटायलते, साहेब. तुमच्याच माणसानं थांबिवलं, तुमाला दाखवायचं म्हणून. तवा अकरा व्हते."

परमेश्वर मोबाइलमध्ये काहीतरी शोधू लागला. वैजीनाथ तिला गप बस म्हणून खुणावत होता.

"आता एकानं भागत न्हाई. वाका समदे."

साहेबांना पुढं पाथरीला जायचं होतं. गाडी वळली, तिच्यामागं फटफटी गेली, आणि गावकरीही एकेक करून पांगले. वैजीनाथ तेवढा वाकला. दैवशालानं त्याच्याकडं बघितलंही नाही. पुढच्या पेरणीला पुरेल एवढं घरचं बी आता निघणार नव्हतं, आणि तिला अजून निम्मं रान उपटायचं होतं.