गव्हातला आठवा बल्ब

किशोर पगारेला पेपर वाचायची हौस होती आणि त्याहून मोठी हौस वाचलेलं दुसऱ्याला ऐकवायची. २००७ साली त्यानं उपनगरातल्या आपल्या रो-हाऊसमधले सगळे पिवळे बल्ब काढून सीएफएल लावले, तेव्हा गल्लीनं त्याचं तासभर भाषण ऐकलं. वीज वाचते, पाच वर्षं बघायला नको! पण तिथलं व्होल्टेज काही पेपर वाचत नव्हतं. सहा-सात महिन्यांत एकेक बल्ब मान टाकू लागला. बाथरूममधला तर इतक्या सावकाश उजळायचा की माणूस अंग पुसायला लागल्यावर त्याला जाग यायची.

मग पेपरात आलं की या बल्बांत पारा असतो. कचऱ्यात टाकू नयेत, फुटला तर खिडक्या उघडून खोलीबाहेर जावं, झाडू तर मुळीच लावू नये. झालं, किशोरनं गल्ली डोक्यावर घेतली. घंटागाडीवाल्याला त्यानं बजावलं, कुणाच्या बादलीत असला बल्ब दिसला तर गाडी थांबवायची आणि आधी मला हाक मारायची. घरातले गेलेले बल्ब त्यानं ज्याच्या त्याच्या खोक्यात घालून माळ्यावर एका पेटीत ठेवले आणि पेटीवर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘धोका. पारा. नग आठ.’

पुढच्या मे महिन्यात त्याची आई झुंबरबाई दिंडोरीकडच्या गावाहून तीन पोती गहू घेऊन आली. किशोरचे वडील गेल्यानंतर तिनं एकटीनं पेरलेलं, पाणी भरलेलं, काढलेलं हे पहिलं पीक होतं. धाकटी लेक स्नेहल सातव्या महिन्यात माहेरी आली होती, तिला घरचीच पोळी मिळावी म्हणून म्हातारीनं एक दाणाही विकला नव्हता. किशोर कचेरीत असताना सासू-सुनेनं गहू गच्चीवर वाळवले आणि झुंबरबाईनं स्वतःच्या हातानं पत्र्याच्या कोठीत भरले.

जूनच्या पहिल्या रविवारी कॉलेजची काही मुलं असले बल्ब गोळा करायला येणार होती. किशोरनं मोठ्या तोऱ्यात पेटी खाली काढली. आत आठ खोकी होती. सगळी रिकामी.

“आई, यातले बल्ब कुठायत?”

“गव्हात घातले,” झुंबरबाई म्हणाली. “तूच म्हणला ना, त्यांच्यात पारा हाय? मंग किडं लागू नयेत म्हणून पाऱ्याच्या गोळ्या इकत कशाला आणायच्या? फडक्यात बांधून थराथरानं घातले. आता सोंडा फिरकायचा नाय बघ.”

किशोर कोठीकडे धावला. दरवर्षी धान्यात पाऱ्याच्या गोळ्या घालणाऱ्या बाईला पारा म्हणजे धोका हे त्यानं ज्या थाटात सांगितलं होतं, त्या थाटाचं तिनं काय केलं असेल याचा त्यानं विचारच केला नव्हता. तिला एवढंच कळलं होतं की लेकानं घरात भरपूर पारा साठवलाय.

नशीब, कोठी अजून उघडली नव्हती. सगळे गहू पुन्हा गच्चीवर नेले, ताडपत्रीवर पसरले आणि किशोर, त्याची बायको सविता आणि झुंबरबाई उन्हात चाळत बसले. स्नेहलला कुणी वर येऊच दिलं नाही, ती जिन्यातूनच विचारत राहिली. एकेक पुरचुंडी सापडत गेली, बल्ब धडके निघाले. एक, दोन, चार, सहा, सात. मग तासभर काहीच सापडलं नाही.

“पेटीवर आठ लिहिलंय,” सविता म्हणाली. “खोकीही आठच आहेत. आई, आठवा फुटला की काय गव्हात?”

“म्या मोजले नाय बाई. हाती आले तसे बांधले.”

“मग काच दिसली असती,” स्नेहल जिन्यातून म्हणाली.

“काच दिसेल गं, पारा कुठे दिसतो? तुझे दादाच सांगतात ना, नुसती वाफ होते. तुझ्या पोटात बाळ आहे, हे गहू घरात नकोतच.”

झुंबरबाईनं मूठभर गहू उचलले, हातात चोळले आणि पुन्हा खाली सोडले. “टाका मंग,” ती म्हणाली. “पोरीपरीस गहू मोठे नायत.” आणि तिनं पदर डोळ्यांना लावला. वडील गेले तेव्हाही ती अशी चार माणसांसमोर रडली नव्हती.

“आठवा बल्ब गव्हात नाही,” तो म्हणाला. “तो माझ्या हातून फुटला.”

फेब्रुवारीत, झोपायच्या खोलीत, लावता लावता. खिडकी बंद होती. त्यानं घाईघाईनं झाडूनं सगळं गोळा केलं, सविताला सांगितलं की बल्ब गेला, पेटीत ठेवलाय, आणि रिकामं खोकं पेटीत सरकवून वर आठ लिहिलं.

सवितानं त्याच्याकडे कौतुकानं पाहिलं. “अहो, आईंचे गहू वाचावेत म्हणून सांगताय ना? तुम्ही आणि झाडू लावाल?”

“दादा, तू असं करणारच नाहीस,” स्नेहल म्हणाली.

झुंबरबाईनं तर त्याच्या पाठीवरून हात फिरवला. “माझ्यासाठी खोटं बोलू नको रं.”

किशोरनं आयाबहिणींची, पेपरची, कुणाची शपथ घ्यायची बाकी ठेवली नाही. त्याची ख्यातीच इतकी पक्की झाली होती की खरं सांगूनही कुणाला पटेना. शेवटी तो माळ्यावर चढला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेली एक पुडी घेऊन आला. आत काचेचा चुरा होता आणि बल्बचं बूड.

“हे घंटागाडीत का नाही टाकलंत?” सवितानं विचारलं.

“त्यानं मलाच हाक मारली असती.”

“आणि होतं कुठे इतके दिवस?”

“तुझ्या शालूच्या पेटीत. ती तू उघडत नाहीस म्हणून.”

सविता पाठ फिरवून पुन्हा गहू चाळू लागली. किशोरला वाटलं, दोन शिव्या दिल्या असत्या तरी परवडलं असतं.

झुंबरबाईनं मात्र चुरा नीट पाहिला, बूड पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. ती उठली, कठड्यापाशी गेली आणि शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या ठमाबाईला अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली.

“अवं ठमाबाई! वाचले माझे गहू! आमचा किशोर लबाड निघाला!”