सत्यभामाबाईले कोनी बोलावलं

मातामायची आन! यातला एक शब्द खोटा निघाला तं माही जीभ झडो.

आनीबानी उठली त्या सालची गोष्ट. दिघोरीच्या भय्याजीच्या घरी दोन सुना. मोठी सत्यभामाबाई, धाकटी दुर्गाबाई. उन्हाळ्यात तेंदूपानं तोडता तोडता दुर्गीले जंगलात आवाज आला. वळून पायते तं कोनी नाई. घरी येऊन तिनं सांगतलं, अन् गावभर झालं का दुर्गीले देवानं बोलावलं. बाया तिच्या पाया पडू लागल्या. एकीनं तं आपली आटलेली म्हैस हात लावाले आनली. दुसऱ्या दिवशी म्हैस अशी पान्हावली का घरचे गंज-भगुने पुरले नाई, विहिरीचा पोहरा लावा लागला.

सत्यभामाबाईच्या पोटात आग पडली. सारे सोमवार तिनं धरले, अन् आवाज हिले?

तरी गिळलं तिनं. पन धान रोवन्याच्या आदल्या दिवशी भय्याजी म्हने, "औंदा पहिला परा दुर्गी लावन."

धानाच्या बांधीत पहिला परा, म्हनजे पहिलं रोप, मोठ्या सुनेनं लावायचा, हा त्या घरचा रिवाज. तेवढाच एक मान तिच्या हाती होता, तोबी गेला. फनफनत नवऱ्याजवळ, खुशालजवळ गेली. तो दोर वळून राहिला होता.

"देव-बिव नसन तो," खुशाल म्हने. "झाडीत पाला वाजला का वाघ समजून जो पळाला, तो वाचला. हवा हाय म्हून जो बसला, तेले वाघानं नेलं. आपन सारे पळनाऱ्यायची लेकरं. म्हून कोनी नसलं तरी वाटते, कोनी हाय."

सत्यभामाबाईचा चेहरा खुलला. "म्हनजे दुर्गीसंग पाला बोलला!" मंग एकदम पडला. "पन मंग मले काहून कधी काई वाटलं नाई? माह्या माहेरचे सारे वाघानं खाल्ले का?"

"खाल्ले असते तं तू कुठून आली असती वो?"

सकाळी सातया, रानातल्या अळंब्या, आनतो म्हून ती टोपली घेऊन जंगलात गेली. पाला वाजला, खार निघाली. परत वाजला, सरडा.

"आता बोल नं," ती डाफरली, "मोठी मी हावो!"

"सत्ते!"

माय मेल्यापासून ह्या नावानं तिले कोनीच हाक मारली नोती. वळली. सागाचे पानं अन् त्यावरचं पानी. कोनी नाई. टोपली तिथंच टाकली.

धावतच बांधीवर आली. दुर्गी परे घेऊन चिखलात उभी. "बाई, तुमीच लावा. मले बरं नाई वाटत."

"तिलेच लावू दे!" भय्याजी वावराच्या धुऱ्यावरून ओरडले. "देवानं बोलावलं तिचा मान!"

मलेबी बोलावलं, एवढं म्हनलं का मान वापस. शब्द ओठावर आला. पन डोळ्यापुढं दिसलं: उद्या त्या सागाले शेंदूर फासतीन, नारळं फोडतीन, अन् सर्वायच्या पुढं दुर्गीच हात जोडून उभी. 'सत्ते' हे नाव गावाच्या तोंडी. नाई बापा!

"लाव, दुर्गे," ती म्हने.

तिच्या मांगं चिखलात उतरली. जरा वेळानं हळूच विचारलं, "काय म्हून बोलावलं वो तुले त्यानं?"

"नुसतं 'अवो' म्हने, बाई."

सत्यभामाबाई वाकली अन् गालातल्या गालात हासत भराभर परे लावू लागली.

सारं खरं हाय. ते 'अवो' तेवढं मी घातलं. दुर्गीनं खरं काय सांगतलं, ते सत्यभामाबाईच्या तोंडून मरेपर्यंत निघालं नाई.