मडकं म्हणजे पळा!

मित्रांनो, मी एक जुनी पहार आहे, पण बागेत खड्डे खणणारी नव्हे हं! माझं सारं आयुष्य कोळशाच्या खाणीत, जमिनीच्या पोटात गेलं. लोहारानं मला घडवून ऐरणीवर टाकलं, तेव्हा मी अशी खणखणले की लोहारीणबाई म्हणाल्या, "अगं बाई, हिचा गळा तर गाणाऱ्याचा आहे!" ती स्तुती माझ्या डोक्यात गेली, ती अजून उतरलेली नाही.

या गळ्यामुळेच मला काम मिळालं. खाणीत डोक्यावर दगडाचं छत असतं. ते कधीकधी आतून सुटतं आणि नुसतं पाहून काही कळत नाही. म्हणून पुढे जाण्याआधी ते ठोकून पाहतात. माझे धनी होते मामा. कुणाचेच सख्खे मामा नव्हते, म्हणून सगळ्यांचे होते. एक तळवा छताला टेकवून ते दुसऱ्या हातानं मला वर मारायचे. मी 'खण्ण' म्हटलं की छत पक्कं. 'बद्' म्हटलं की छत सुटलेलं, जणू फुटकं मडकं! मग मामा "मडकं!" असं ओरडायचे आणि हातातलं टाकून, काही न विचारता सगळ्यांनी मागे पळायचं. या एका शब्दानं किती जीव वाचवले असतील!

मग कोळसा भरायच्या यंत्रावर एक नवा गडी आला. गोल चेहरा, गोल पोट आणि सदा हसरा. टोळीतल्या वात्रटांनी त्याचं नावच ठेवलं, मडकं! हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. तोही हसला. मामा तेवढे गरजले, "अरे, भोपळा म्हणा, लाडू म्हणा, पण हा शब्द नको!" पण ऐकतो कोण? नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यात एका टिंबाचाच फरक, आणि माणसांना दोन्हींची सारखीच हौस.

एके दिवशी बोगद्याच्या टोकाशी मामांनी मला छतावर मारलं. 'बद्!' मी दचकलेच. पुन्हा मारलं. 'बद्!' वरून बारीक माती गळू लागली.

"मडकं! अरे मडकं!" मामा जीव खाऊन ओरडले.

आणि काय सांगू मित्रांनो, कुणी हललंच नाही! उलट एक जण हसत म्हणाला, "जा रे, मामा बोलावतायत." आणि तो गोल गडी यंत्र बंद करून तुरुतुरु आमच्याकडेच यायला लागला!

"आलो मामा! काय आणू?"

छत करकरलं. मामांनी मला आडवं धरलं, त्याच्या पोटाला लावलं आणि त्याला मागे रेटत धावत सुटले. धाडकन सगळं खाली आलं! धूळ, काळोख, खोकला. मामा वाचले, मीही वाचले. गडीही वाचला, पण त्याचा एक पाय दगडाखाली सापडला होता.

आता मात्र सगळे धावले. मला दगडाखाली घालून सहा जणांनी जोर लावला. मी वाकले, पण दगड उचलला! पाय निघाला. प्रथमोपचारवाला पट्टी बांधत ओरडला, "त्याची शुद्ध जातेय! नावानं हाका मारा, झोपू देऊ नका!"

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. त्याला हाक मारायला तो एकच शब्द त्यांना येत होता, आणि तो आता कुणाच्या जिभेवर येईना. चेष्टा करणाऱ्यांना तर रडूच फुटलं. शेवटी मामा त्याच्या कानाशी वाकले. "बाळा, तुझं नाव काय रे?"

त्याचे ओठ हलले. मामांनी ते नाव मोठ्यानं म्हटलं. मागच्यानं म्हटलं, त्याच्या मागच्यानं म्हटलं, आणि स्ट्रेचर लिफ्टकडे निघालं तेव्हा सगळा बोगदा त्या नावानं दणाणत होता! तो प्रत्येक हाकेला "ओ" देत होता. वर उजेडात पोचेपर्यंत देत होता.

मी वाकडी झाले, म्हणून आता नव्या कामगारांना छताचा आवाज शिकवायच्या खोलीत असते. मित्रांनो, थट्टा खुशाल करा, पण धोक्याचा शब्द धोक्यासाठीच ठेवा. आणि ज्याच्या शेजारी उभं राहून काम करता, त्याचं नाव आजच विचारून घ्या.