गाठ बांधलेलं निर्माल्य

मित्रांनो, मी एक जुना खतखड्डा आहे. खड्ड्याला कसलं आलंय आयुष्य, असं म्हणून हसू नका. मुलुंड पूर्वेला 'सुरभी' नावाची सोसायटी आहे. तिच्या मागच्या आवारात, आंबा आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये मी आहे. आहे म्हणण्यापेक्षा होतो म्हणणंच बरं. आता माझ्यावर कोबा आहे आणि कोब्यावर सात-आठ स्कूटर उभ्या असतात.

१९८० साली लहू माळ्याने मला खणलं. लहू कणकवलीकडचा. अंगाने काटकुळा, बोलायला कमी आणि हट्टी. सोसायटीचे सेक्रेटरी शरच्चंद्र काका म्हणत होते, गटाराजवळ खण, कोपरा वायाच जातोय. लहूने मान हलवली. "साहेबानू, थंय पाणी साठतला. आंब्याबुडी खणूया," म्हणाला आणि कुदळ मारलीसुद्धा. त्याने माझे दोन कप्पे केले, कडेने विटा लावल्या आणि विटांमध्ये मुद्दाम फटी ठेवल्या. मला श्वास घेता यावा म्हणून हो! तळाला नारळाची सोडणं, त्यावर वाळका पाला, मग घराघरातली भाजीची देठं आणि सालं, तबेल्यातलं चार पाट्या शेण, वर माती. "ओला नि सुका, ओला नि सुका," असं पुटपुटत तो थर लावायचा. एक कप्पा भरला की झाकायचा आणि दुसरा उघडायचा.

सहा महिन्यांनी त्याने पहिला कप्पा उघडला, तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या कुंदाताई मुद्दाम खाली आल्या होत्या. ताई शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. घरोघरी फिरून ओला कचरा वेगळा ठेवायला त्यांनीच लोकांना लावलं होतं, आणि त्यापायी बरीच नाकं मुरडून घेतली होती. त्यांनी काळी भुसभुशीत माती ओंजळीत घेतली आणि हुंगली. ना भाजीचा वास, ना शेणाचा. "लहू, जिंकलास रे!" त्या म्हणाल्या. टाकून दिलेलं माझ्याकडे येत होतं आणि हवंसं होऊन परत जात होतं.

मग माझे दिवस मजेत गेले. शरच्चंद्र काका आल्यागेल्याला माझ्या काठावर उभं करून सांगायचे, "आमच्याकडून पालापाचोळा कचऱ्याच्या गाडीत जातच नाही." गटाराजवळ खणायचा आपला आग्रह ते विसरून गेले होते!

फक्त निर्माल्य तेवढं माझ्याकडे येत नसे. देवावरची शिळी फुलं कचऱ्याबरोबर कशी टाकायची? ती साठवून कुणीतरी रविवारी खाडीवर सोडून यायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या मथुराबाई याबाबत फार काटेकोर. "पायदळी येता कामा नये बाई, पाप लागतं," त्या म्हणायच्या. कुंदाताईंनी त्यांना हाताला धरून माझ्यापाशी आणलं. "मथुराबाई, खड्ड्यात कोण पाय ठेवतंय? फुलांची माती होईल आणि तुमच्याच तुळशीत येईल. यापेक्षा चांगली जागा कुठली?" मथुराबाईंना ते पटलं. त्या दिवसापासून लहू मला खालीवर करायला उतरायचा तेव्हा चपला काठावर काढून, पाय धुऊन उतरायचा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मित्रांनो, खड्ड्याला एवढा मान कधी कुणी दिला असेल का?

पंच्याऐंशीच्या सुमाराला त्या प्लास्टिकच्या पिशव्या आल्या. गुलाबी, निळ्या, कांद्याच्या पापुद्र्यासारख्या पातळ. तोवर फुलवाला पानात पुडी बांधून द्यायचा, आता पिशवीत घालून देऊ लागला. मथुराबाईंना ती फारच सोयीची वाटली. जिन्यात पाकळी सांडत नाही, कुणाच्या पायाखाली येत नाही. त्या निर्माल्य पिशवीत भरायच्या, दोन गाठी मारायच्या आणि नमस्कार करून अलगद माझ्यात ठेवायच्या. त्यांचं बघून सगळ्यांनीच तसं सुरू केलं. त्यात कुणाच्या मनात वाईट नव्हतं, हेच मला जास्त लागतं. घाण म्हणून फेकली असती तर लहूने ती उचलून बाहेर टाकली असती. ती श्रद्धेने बांधलेली होती.

पहिले काही दिवस लहू गाठी सोडायचा, फुलं पसरायचा आणि पिशव्या वेगळ्या करायचा. एकदा मथुराबाईंनी गॅलरीतून ते पाहिलं. "अरे लहू! देवाचं बांधलेलं सोडतोस? शेणाचे हात धुतलेस तरी का?" लहूचा हात तिथेच थांबला. त्यानंतर त्याने एकही गाठ सोडली नाही. आणि कुंदाताई नेमक्या तेव्हा चेंबूरला, आजारी बहिणीकडे. तिथे त्यांची दोन वर्षं गेली.

माझं काय झालं ते कसं सांगू? पालेभाजी मी पचवली होती, आंब्याच्या कोयी पचवल्या होत्या, पण या पिशव्यांपुढे मी हात टेकले. आतल्या फुलांना हवा नाही, माती नाही. ती कुजून काळं पाणी झाली आणि तशीच बांधलेली राहिली. थरांमध्ये पाणी अडलं. वास सुटला, डास झाले. पूर्वी माझ्या काठावर बसून शेंगा सोलणाऱ्या बायका आता पदर नाकाला लावून जाऊ लागल्या. मला माझीच लाज वाटायची.

सत्त्याऐंशीच्या श्रावणात एका रविवारी सकाळी आवारातच सभा झाली. कुंदाताई नुकत्याच परतल्या होत्या. काका म्हणाले, "ताई, भावना समजतात हो, पण तळमजल्यावाल्यांची वाट लागलीय. बुजवून टाकू. स्कूटरला जागा होईल. खताची पोती विकत मिळतात ना! आणि मग पूर्णवेळ माळी तरी कशाला हवा?" शेवटचं वाक्य लहूने झारी हातात धरून ऐकलं. तो आणि त्याची बायको पार्वती माझ्यामागच्या अवजारांच्या खोलीत राहत होते. माळी नको म्हणजे ती खोलीही नको. माझ्याबरोबर त्यांचं घर बुजणार होतं.

कुंदाताईंनी गौरी-गणपती होईपर्यंतची मुदत मागून घेतली. तोवर वास गेला नाही, तर खुशाल बुजवा म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या पाट टाकून माझ्या काठावर बसू लागल्या आणि लहू आकड्याने वर काढील ती पिशवी सोडू लागल्या. नखं काळी झाली, हाताचा वास जाईना. दुपारी त्या दारोदार जायच्या. "फुलं मोकळी टाका हो, तेवढी गाठ नका मारू." सगळे म्हणायचे, हो ताई, नक्की ताई. मथुराबाईसुद्धा म्हणाल्या, "बघते हं."

आठ दिवसांत वास उतरला. मला पुन्हा जगावंसं वाटू लागलं.

आणि गणपती आले. घरोघरी दुर्वा, जास्वंद, शमी, केवडा, हार, गौरींच्या वेण्या. विसर्जनाच्या गडबडीत ताईंचं बोलणं कुणाच्या ध्यानात राहणार? सणाचं निर्माल्य म्हणून उलट जास्तच जपून बांधलेलं! गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या सकाळी माझे दोन्ही कप्पे काठोकाठ भरले होते, आणि वरती रंगीत पिशव्यांचा ढीग. प्रत्येकीला दोन-दोन गाठी. ताई पाटावर बसल्या. चाळीसेक सोडल्यावर त्यांची बोटं वळेनात. "लहू, ये रे, सोड तू पण. तुझं घर जाईल."

लहू चपला काढून उभा होता. त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला. "ताईनू, देवाचा बांधलेला असा. माजो हात नाय उठत," म्हणाला आणि लहान मुलासारखा रडू लागला. मी त्याला दोष देत नाही. ज्याने मला देवघराचा मान दिला, तो देवाची गाठ कशी तोडणार?

त्याच आठवड्यात पिशव्यांचा ढीग खाली दाबून माझ्यात पडक्या भिंतीचा राडारोडा ओतला. वर कोबा घातला. लहू आणि पार्वती दोन बोचकी आणि एक पत्र्याची ट्रंक घेऊन गावाला गेले. कुंदाताई त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेल्या, नंतर मागच्या आवारात कधी आल्या नाहीत.

परवा मथुराबाई आल्या होत्या. गॅलरीतली तुळस विकतच्या खताने जळाली म्हणून मूठभर चांगली माती शोधत होत्या. "इथेच कुठेसा होता ना खड्डा?" असं म्हणत दोन स्कूटरच्या मध्ये बराच वेळ उभ्या राहिल्या. पायात चपला होत्या. त्यांच्या तळव्याखाली, दोन हात खोल, त्यांनी दोन-दोन गाठी मारून जपलेली फुलं होती. मी हाक मारली, पण राडारोड्यातून आवाज वर जात नाही.

मित्रांनो, माझ्यासाठी आता काही करू नका. कोबा फोडून मला बाहेर काढलंत, तरी माझ्यात देण्यासारखी माती उरलेली नाही. पण तुमच्या आवारात माझ्यासारखा एखादा अजून उघडा असेल, तर त्याला फुलं मोकळ्या हाताने द्या. आणि तिथे जो कुणी माळी असेल, त्याच्यावर गाठी सोडण्याची वेळ आणू नका.