मंत्रिमंडळ गेलं न्यू हॅम्पशायरला

लताकाकूंना अमेरिकेचं नागरिकत्व हवं होतं ते नागपूरसाठी. तिकडे त्यांची धाकटी बहीण यामिनी एकटी राहते. ग्रीन कार्डवर फार दिवस बाहेर राहिलं की परतताना एअरपोर्टवरचा ऑफिसर विचारतो, "एवढे दिवस काय करत होतात?" आणि काकूंना घाबरून 'बहिणीशी गप्पा' याचं इंग्लिश सुचत नाही. निळा पासपोर्ट मिळाला की आख्खं वर्ष निवांत जाऊन राहायचं, एवढंच त्यांचं अमेरिकन ड्रीम.

पहिल्या मुलाखतीत काकू एक्झिक्युटिव्ह ब्रँचपाशी, म्हणजे प्रेसिडेंट आणि मंत्रिमंडळाच्या प्रश्नांपाशी, अडकल्या आणि नापास झाल्या. आता दुसरी आणि शेवटची संधी. यावेळी उडाल्या तर अर्ज पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून बोस्टनपासून तासाभरावरच्या श्रूजबरीच्या लायब्ररीत दर शनिवारी क्लास. शिकवणारी सुमेधा, शाळेत आठवीला सिव्हिक्स, म्हणजे नागरिकशास्त्र, शिकवते. विद्यार्थी चार. लताकाकू. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले त्र्यंबककाका. सांगलीच्या मुख्याध्यापिका मृणालिनीमावशी, ज्या अजूनही सुमेधाच्या फळ्यावरचं अक्षर तपासतात. आणि बँकेतले पुरुषोत्तमकाका, ज्यांचं मत शेवटी जो बोलला त्याचं असतं.

"आज एक्झिक्युटिव्ह ब्रँच," सुमेधा म्हणाली.

"मी स्वतः एक्झिक्युटिव्ह इंजिनियर होतो," त्र्यंबककाका म्हणाले. "मला काय शिकवतेस?"

सुमेधाची एक पद्धत होती. एका मुलाला प्रेसिडेंट करायचं, बाकीच्यांना एकेक खातं द्यायचं. आठवीची पोरं पंधरा मिनिटांत शिकून मोकळी होतात. तिने लताकाकूंना प्रेसिडेंट केलं, कारण परीक्षा त्यांची जवळ आली होती. आणि मग ती अशी चूक करून बसली जी आठवीच्या वर्गात चूक नसते. तिने महाराष्ट्रातून आलेल्या तीन रिटायर्ड माणसांपुढे खातेवाटप केलं.

"त्र्यंबककाका, तुम्ही शेती."

"शेती? अगं, शेतीखात्याची माणसं आमच्या केबिनबाहेर बाकावर बसायची! पाणी सोडा म्हणून हात जोडायची! मला ट्रेझरी दे. अर्थखातं!"

"काका, हे फक्त पाठ करण्यासाठी आहे."

"मग ट्रेझरी पाठ करतो."

शिक्षण खातं पुरुषोत्तमकाकांकडे गेलं होतं. मृणालिनीमावशींकडे ऊर्जा. मावशींनी चष्मा काढला. त्यांच्या शाळेत चष्मा काढला की वर्ग गार पडायचा.

"इतकी वर्षं शाळा चालवली मी. आणि शिक्षण या माणसाला? यांनी कधी खडू तरी धरलाय?"

"तेही खरंच आहे," पुरुषोत्तमकाका म्हणाले.

लताकाकू हळूच म्हणाल्या, "देऊन टाक ना गं ज्याला जे हवंय ते. मला नुसतं उत्तर सांग."

"थांब लता," त्र्यंबककाका म्हणाले. "हा तत्त्वाचा प्रश्न आहे. सुमेधा, व्हाइस प्रेसिडेंट किती?"

"एक."

"दोन करा. सगळ्यांची सोय होते. बरं, आपल्या वूस्टर जिल्ह्याचा पालकमंत्री कोण?"

"इथे पालकमंत्री नसतात, काका. प्रेसिडेंट माणसं निवडतो, सेनेट मान्यता देते, ती माणसं सल्ला देतात. संपलं."

"आणि पाठिंबा काढून घेतला तर?"

"कोणी?"

"आम्ही!"

"तरी काही होत नाही. सरकार पडत नाही."

पुरुषोत्तमकाकांनी मान हलवायची थांबवली.

"पडतच नाही?" त्र्यंबककाकांनी विचारलं. "चार वर्षं? म्हणजे माणसाने रुसायचं कशासाठी मग?"

काकांनी वही मिटली. "बघू कसं पडत नाही ते."

पुढच्या शनिवारी सुमेधा लायब्ररीत पोचली तर चारही खुर्च्या रिकाम्या. सोमवारी सकाळी लताकाकूंची मुलाखत! चौघांचे फोन बंद. तिने त्र्यंबककाकांच्या मुलाला, अनिशला, फोन लावला.

"बाबा? ते ओव्हरनाइट स्टडी कॅम्पला गेलेत ना, माझी मिनीव्हॅन घेऊन. तूच नेलंयस ना त्यांना?"

"मी लायब्ररीत बसलेय, अनिश. एकटी."

"ओ गॉड. सुमेधा, ते सूटकेस घेऊन गेलेत यार."

रात्रभर ठावठिकाणा नाही. रविवारी सकाळी मात्र क्लासच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पुरुषोत्तमकाकांचा फोटो आला. स्विमिंग पूल, वर 'शुभ प्रभात', आणि मागे पाटी: एका मोटेलचं नाव, न्यू हॅम्पशायर, ब्रेकफास्ट फुकट. पाठोपाठ मेसेज: 'आम्ही अज्ञात स्थळी आहोत.'

सुमेधा अज्ञात स्थळी तासाभरात पोचली.

ब्रेकफास्टच्या खोलीत त्र्यंबककाका वाफल मशीनपाशी उभे होते, धरणाचा दरवाजा उघडावा तसे सावधपणे त्याचं झाकण उचलत. मृणालिनीमावशी कोपऱ्यात. त्यांना काल रात्री सुमेधाचा फोन येऊ शकतो म्हणून काकांनी त्यांचा मोबाइल स्वतःच्या सॉक्समध्ये ठेवला होता, आणि आता तो मावशींना परत नको होता. पुरुषोत्तमकाका तिसरं केळं खात होते. आणि खिडकीशी, स्वेटर घालून, हातात प्रश्नांची पुस्तिका घेऊन लताकाकू.

"काकू! तुम्ही पण बंडखोर?"

"छे गं. मी प्रेसिडेंटच आहे."

"मग यांनी तुम्हाला का आणलं?"

"कारपूल होता ना," त्र्यंबककाका म्हणाले. "क्लासला मीच सगळ्यांना नेतो. हायवेला लागलो तेव्हा लक्षात आलं की जिच्याविरुद्ध बंड आहे ती मागच्या सीटवर बसलीय. आता मधेच कुठे उतरवणार? थंडी किती होती!"

"काका, उद्या सकाळी त्यांची मुलाखत आहे. चला."

"ट्रेझरी."

"काय?"

"ट्रेझरी दे, मी किल्ली फिरवतो. लताचे मुलाखतीचे कागद व्हॅनमध्येच कुलपात आहेत. गट एकसंध आहे आमचा."

सुमेधाने घड्याळाकडे बघितलं, मग काकूंच्या चेहऱ्याकडे. "घ्या ट्रेझरी! घ्या! चला."

"मग मला शिक्षण," कोपऱ्यातून आवाज आला.

"घ्या शिक्षण, मावशी."

"आणि मी?" पुरुषोत्तमकाकांनी केळं खाली ठेवलं. "म्हणजे गटात राहून माझं आहे ते पण गेलं? मग मी संरक्षण मागतो. नाहीतर मी वेगळा गट काढतो."

"एका माणसाचा गट?"

"गटाचा एक तृतीयांश आहे मी!"

मग जे सुरू झालं त्यात मोटेलचा मॅनेजर देवांगभाई पण येऊन उभा राहिला. तो गुजराती होता, त्याला सगळं कळत होतं. त्याने त्र्यंबककाकांना विचारलं, ट्रेझरी मिळणार असेल तर अजून एक रात्र राहणार का, सीनियर डिस्काउंट आहे.

लताकाकू उठल्या. त्या उठल्या हे कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण त्या नेहमी हळूच उठतात.

"सुमेधा, मंत्री कोण नेमतं?"

"प्रेसिडेंट."

"आणि काढतं कोण?"

"प्रेसिडेंटच."

"कोणाला विचारावं लागतं?"

"नाही."

"कारण द्यावं लागतं?"

"नाही, काकू."

काकूंनी पुस्तिका पर्समध्ये टाकली. "त्र्यंबकराव, काढलं तुम्हाला. मृणालिनी, तुला पण. पुरुषोत्तमराव, तुम्ही केळं संपवा, मग तुम्हालाही."

त्र्यंबककाकांच्या हातातलं वाफल वाकलं. "असं... असं काढता येतं?" त्यांनी सुमेधाला विचारलं. "दिल्लीला न जाता?"

"येतं, काका."

"नाराजी दूर करायला कोणी येत नाही?"

"नाही."

काकांनी ते वाफल प्लेटमध्ये ठेवलं. इतकी वर्षं या देशात राहून त्यांना इथली कुठलीच गोष्ट पटली नव्हती, ना दूध, ना रस्त्यांची नावं. पण ही राज्यघटना त्यांना आत कुठेतरी भिडली. ते मुकाट्याने किल्ली शोधायला गेले. ती दुसऱ्या सॉक्समध्ये होती.

सोमवारी सुमेधाने शाळेतून सुट्टी घेतली आणि काकूंना न्यायला आली, तर दारात तिघंही तयार. काकांनी टायसुद्धा घातला होता.

"तुम्हाला काढलंय ना?" सुमेधा म्हणाली.

"काळजीवाहू म्हणून येतोय," त्र्यंबककाका म्हणाले आणि मागे बसले.

बोस्टन येईपर्यंत काळजी वाहिली गेली.

"लता, ऑफिसरकडे सरळ बघ."

"सरळ नको, उद्धट वाटतं. टेबलाकडे बघ," मावशी म्हणाल्या.

"मधे बघ," पुरुषोत्तमकाका म्हणाले.

"सुमेधा, डावी लेन घे. लता, उत्तर येत नसेल तर खोक."

"खोकू नकोस गं! आजारी समजतील."

"थोडंसं खोक."

काकू पुढे बसून डोळे मिटून होत्या. मुलाखतीच्या खोलीत शिरल्या तेव्हा त्यांच्या डोक्यात राज्यघटना नव्हतीच, नुसता मागच्या सीटचा आवाज होता.

ऑफिसर तरुण होता, सभ्य होता. प्रश्न विचारत गेला. काही आले, काही गेले. मग त्याने कागदाकडे बघून सांगितलं, अजून एक बरोबर आला की झालं. आणि विचारलं, प्रेसिडेंटचं कॅबिनेट काय करतं?

काकूंनी टेबलाकडे बघितलं. मग ऑफिसरकडे. मग मधे. पाठ केलेलं वाक्य कुठेच दिसेना. यामिनीच्या घराचा व्हरांडा दिसला, दोन खुर्च्या, आणि त्यातली एक रिकामी. शेवटी जे माहीत होतं तेच त्या बोलल्या.

"दे गो टू मोटेल."

ऑफिसरने पेन थांबवलं. "सॉरी, मॅम?"

"इन न्यू हॅम्पशायर. दे इट बनाना. देन दे सिट इन कार, अँड दे अॅडव्हाइज. होल वे, दे अॅडव्हाइज प्रेसिडेंट. लेफ्ट लेन, राइट लेन, कफ, नो कफ. प्रेसिडेंट नॉट आस्किंग, स्टिल दे अॅडव्हाइज!"

बहुधा नोकरीत पहिल्यांदाच ऑफिसरला कोणी हे समजावून सांगितलं होतं.

"दे अॅडव्हाइज द प्रेसिडेंट," तो म्हणाला आणि खूण केली. "दॅट्स करेक्ट."

बाहेर आल्यावर काकूंनी कोणाला काही सांगितलं नाही. तिघंही एकदम बोलत होते, काय विचारलं, काय सांगितलं, खोकलीस का. काकू त्यांच्यामधून वाट काढत पार्किंग लॉटच्या कडेला गेल्या आणि नागपूरला फोन लावला.

"यामिनी, पास झाले गं! आता शपथ झाली आणि पासपोर्ट आला की येते. आख्खं वर्ष राहीन. कोणी विचारणार नाही."



"आख्खं वर्ष?" यामिनी म्हणाली. "ताई, इतके दिवस आपण दोघी करणार काय?"

"भांडू," लताकाकू म्हणाल्या, आणि एवढ्या मोठ्याने हसल्या की तिन्ही माजी मंत्री गप्प झाले.